दुबईतला वीकेंड ब्रंच: वार, वेळ, ठिकाण आणि बुकिंगआधीचे प्रश्न

दुबईतल्या मोठ्या हॉटेलांचा ब्रंच दुपारी साडेबारा-एकला सुरू होतो आणि चारच्या आसपास संपतो. माणशी ठरलेली रक्कम भरायची, मग तीन-चार तास हवं तेवढं खायचं. सोबत गाणीबजावणी असते आणि ज्यांना हवी त्यांना हवी तितकी पेयं. पण हा सोहळा सुरू होतो तोवर जुन्या शहरातली सकाळ संपलेली असते. करामातल्या इडलीवाल्यांची पहिली गर्दी ओसरलेली असते आणि अल फहिदीतल्या अंगणांवर ऊन आलेलं असतं. एकाच दिवशी दोन्ही साधायचा प्रयत्न केला तर ना पोट साथ देतं ना घड्याळ.

म्हणून पहिला निर्णय हाच, की या शनिवारी हॉटेल की क्रीकचा, म्हणजे जुन्या दुबईतून जाणाऱ्या खाडीचा, काठ. माझं मत आधीच सांगून टाकतो. दोन-तीन दिवसांसाठी आलेल्या आणि घरात शाकाहारी माणसं असलेल्या मराठी कुटुंबाने हॉटेलचा ब्रंच घ्यायचाच तर एकदाच घ्यावा, तोही नीट चौकशी करून. बाकीच्या सकाळी जुन्या दुबईत खाव्यात. तिथे पैसे कमी लागतात, आणि जे खाल ते दुसऱ्या कुठल्या हॉटेलात सहसा मिळत नाही.

आधी वार ठरवा

जुने प्रवासलेख वाचून गेलात तर ‘फ्रायडे ब्रंच’ हा शब्द सगळीकडे भेटेल. संयुक्त अरब अमिरातीत २००६ पासून शुक्रवार-शनिवार सुट्टी होती, त्यामुळे शुक्रवारची दुपार म्हणजे ब्रंच, असं समीकरणच झालं होतं. १ जानेवारी २०२२ पासून सरकारी सुट्टी शनिवार-रविवार झाली आणि शुक्रवार अर्ध्या दिवसाचा उरला. बहुतेक हॉटेलांनी मुख्य ब्रंच शनिवारी नेला. काहींनी शुक्रवारचा संध्याकाळी सरकवला, तर काही दोन्ही दिवस ठेवतात. त्यामुळे वार गृहीत धरू नका, बुकिंगच्या पानावर स्वतः बघा.

शनिवार सगळ्यात गजबजलेला असतो. चांगली जागा हवी असेल तर थंडीच्या मोसमात आठवडाभर आधी टेबल धरावं लागतं. रविवार तुलनेने निवांत असतो, दुबईतलं बहुतेक सार्वजनिक पार्किंगही रविवारी फुकट असतं. लहान मुलं किंवा म्हातारी माणसं बरोबर असतील तर मी रविवारच सुचवेन.

शुक्रवारी जुन्या भागात खायला जाणार असाल तर सकाळी लवकर जा. दुपारी साडेबारा-एकच्या सुमारास जुम्म्याची नमाज असते. त्या वेळी छोटी दुकानं नि खानावळी तासभर शटर ओढतात आणि मशिदींच्या आजूबाजूला गाडी लावायला तसूभर जागा उरत नाही. शेजारच्या शारजात राहात असाल तर तिथे शुक्रवार, शनिवार, रविवार अशी तीन दिवस सुट्टी असते, आणि त्या अमिरातीत दारूबंदी आहे. तिथल्या ब्रंचमध्ये पेयांच्या पॅकेजचा प्रश्नच येत नाही.

मग महिना बघा

वाळवंटातल्या शहरात बाहेर बसून खायचे महिने मोजकेच. नोव्हेंबर ते मार्चच्या मध्यापर्यंत अंगण, गच्ची, समुद्रकिनारा, काहीही चालतं. एप्रिल आणि ऑक्टोबर सकाळी नऊपर्यंत ठीक. जून ते सप्टेंबर दुपारचा पारा चाळिशीपार असतो, वर समुद्राची दमट हवा. एसीतून बाहेर पडताच चष्म्याची काच धुक्याने भरते. या दिवसांत ‘टेरेस सीटिंग’ असं लिहिलेलं कितीही सुंदर दिसलं तरी आतलं टेबल मागा. उन्हाळ्याचा एक फायदा मात्र आहे: गर्दी पांगलेली असते आणि बरीच हॉटेलं ब्रंचवर सवलती काढतात.

रमजानचा महिना वेगळा मोजा. तो दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतो. त्या महिन्यात दुपारचे मोठे ब्रंच बहुतेक बंद असतात आणि त्यांची जागा सूर्यास्तानंतरचा इफ्तार आणि रात्री उशिराचा सुहूर घेतात. दिवसा रेस्टॉरंटं उघडी असतात, पण रस्त्यात, गाडीत, मेट्रोच्या रांगेत चारचौघांत खाणं-पिणं टाळायचं. तुमची सुट्टी नेमकी रमजानात आली तर वाईट वाटून घेऊ नका. इफ्तारचा बुफे हा ब्रंचपेक्षा कमी नसतो, आणि शाकाहारी माणसाला तिथे डाळीचं सूप, फत्तूश (सॅलड), खजूर, कुनाफा (चीजची मिठाई) असं बरंच काही मिळतं.

हॉटेलचा ब्रंच: पैसे कशाचे, हे आधी समजून घ्या

दर जवळजवळ नेहमी तीन पायऱ्यांत असतात. ‘सॉफ्ट’ म्हणजे जेवण आणि दारूविरहित पेयं. ‘हाउस’ म्हणजे त्यात ठरावीक वाइन, बिअर आणि स्पिरिट्स. ‘बबली’ म्हणजे फेसाळणारी वाइन किंवा शॅम्पेन. मध्यम ते वरच्या दर्जाच्या हॉटेलांत सॉफ्ट साधारण अडीचशे ते पाचशे दिरहमांच्या घरात असतं, पुढच्या पायऱ्या त्यावर शे-दोनशेने चढत जातात. दिरहम डॉलरला बांधलेला आहे, १ डॉलरला ३.६७२५ दिरहम. रुपया डॉलरपुढे घसरला की तुमचं ब्रंचही तेवढंच महागतं. हिशेब निघायच्या आधल्या दिवशीच्या दराने करा.

पिणाऱ्यांसाठी कायदा थोडक्यात: दुबईत वयाची अट २१, फक्त परवाना असलेल्या जागीच, रस्त्यावर पिणं किंवा झिंगत फिरणं हा गुन्हा. पिऊन गाडी चालवण्याला तर शून्य माफी. ‘एकच ग्लास’ हा युक्तिवाद तिथे चालत नाही. टॅक्सी करा.

जेवण कसं वाढणार हा प्रश्न दरापेक्षाही महत्त्वाचा आहे. बुफे असेल तर दालनभर काउंटर असतात. एका बाजूला सुशी, एका बाजूला अरबी मेझ्झे (जेवणाआधीचे छोटे छोटे पदार्थ), कुठे भाजलेलं मांस कापून देणारा शेफ, कुठे पास्ता, आणि शेवटी गोडाचं अख्खं टेबल. ‘शेअरिंग’ पद्धतीत एकामागून एक ताटं टेबलावर येतात आणि सगळ्यांनी त्यातून घ्यायचं असतं. चार जणांत एकच शाकाहारी असेल तर शेअरिंगमध्ये त्याची पंचाईत होते, कारण आलेल्या दहा ताटांतली दोनच त्याची. अशा वेळी बुफे बरा. सगळेच शाकाहारी असाल तर शेअरिंग चालेल, पण शाकाहारी मेनू वेगळा आहे का हे लेखी विचारून घ्या.

बुकिंग करताना मी हे प्रश्न विचारतो, आणि तुम्हीही विचारावेत:

दर ‘इन्क्लुसिव्ह’ आहे का? दुबईतल्या हॉटेलच्या बिलात ५ टक्के व्हॅट, शिवाय बहुधा ७ टक्के म्युनिसिपल शुल्क आणि १० टक्के सेवाशुल्क येतं. मेनूच्या तळाशी हे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. सेवाशुल्क घेतलं असेल तर वर टिप द्यायलाच हवी असं नाही.

शेवटची ऑर्डर किती वाजता? ब्रंच ‘चारपर्यंत’ म्हटलं तरी गरम काउंटर अर्धा तास आधी आवरायला लागतात. तीनला पोचलात तर पैसे पूर्ण आणि जेवण अर्धं.

मुलांचा दर किती वयापर्यंत? बऱ्याच ठिकाणी अगदी लहान मुलं फुकट आणि बारापर्यंतची निम्म्या दराने असतात, पण मर्यादा जागोजागी बदलते. ‘अडल्ट्स ओन्ली’ ब्रंचही असतात, तिथे मुलांना घेऊन गेलात तर दारातूनच परत यावं लागेल.

रद्द केलं तर काय? बऱ्याच ठिकाणी क्रेडिट कार्डाचा नंबर मागतात आणि २४ किंवा ४८ तासांच्या आत रद्द केल्यास पैसे कापतात.

आणि पोशाख. ‘स्मार्ट कॅज्युअल’चा अर्थ पुरुषांसाठी लांब पँट आणि बंद बूट असा धरून चाला. चप्पल आणि बर्म्युडा बघून अडवलेले लोक मी लॉबीत ताटकळताना पाहिलेत.

एकावर एक मोफतची कूपनं देणारं ‘एंटरटेनर’ अ‍ॅप दुबईत बरंच वापरलं जातं. ब्रंचसाठी ते चालतं का हे कूपनच्या अटींत बघा. सणासुदीचे दिवस आणि काही ठिकाणी वीकेंड त्यातून वगळलेले असतात.

ठिकाणांची नावं सांगायची तर मदिनात जुमेरातलं अल कस्र हॉटेल वर्षानुवर्षं मोठ्या ब्रंचसाठी ओळखलं जातं. एकाच वेळी हॉटेलातली अनेक रेस्टॉरंटं जोडून केलेला तो पसारा आहे आणि खाली कालव्यातून होड्या जातात. पाम जुमेरा या कृत्रिम बेटावरच्या अटलांटिस हॉटेलमधलं सॅफ्रन आशियाई पदार्थ आणि दणक्यात चालणारी पार्टी यासाठी प्रसिद्ध आहे. आई-वडिलांना घेऊन तिथे जाऊ नका, कानठळ्या बसतील. शांतपणे बोलत जेवायचं असेल तर क्रीकच्या काठचं पार्क हयात बघा, तिथला परिसर निवांत आणि हिरवा आहे. हॉटेलं बेत सतत बदलत असतात, तेव्हा जायच्या आठवड्यात फोन करून खात्री करा.

ताटात काय आहे हे ओळखा

मांस हलाल असतं, पण ते कशाचं हा प्रश्न उरतोच. बीफ न खाणाऱ्यांनी इथे डोळे उघडे ठेवायला हवेत. नाश्त्याच्या काउंटरवरचं ‘बेकन’ बहुधा बीफचं, व्हीलचं (वासराचं) किंवा टर्कीचं असतं, सॉसेजही तसंच. कोफ्ता आणि कबाब मटणाचे किंवा बीफचे, कधी दोन्हींच्या मिश्रणाचे. ‘संबूसक’ दिसायला समोशाचा धाकटा भाऊ, पण आत खिमा असू शकतो. चीजचे आणि पालकाचेही मिळतात, विचारून घ्या. डुकराचं मांस असलंच तर वेगळ्या कोपऱ्यात, ठळक पाटी लावून ठेवतात, त्यामुळे त्याची चूक होण्याची भीती कमी.

शाकाहाऱ्यांनी थेट अरबी मेझ्झेच्या काउंटरकडे जावं. हुमुस, मुतब्बल (भाजलेल्या वांग्याचं), मुहम्मरा (लाल मिरची नि अक्रोडाचं), तब्बूले, फत्तूश, फलाफल, बताता हर्रा (तिखट बटाटे), झातर मसाल्याचे मनाकीश (भाजलेल्या रोट्या), भाजलेलं हलूमी चीज. पोट भरायला एवढं पुष्कळ आहे. डाळीच्या सूपमध्ये चिकनचा स्टॉक नाही ना, भात मांसाच्या रश्श्यात शिजवलेला नाही ना, हे दोन प्रश्न विचाराच. मूस, चीजकेक, जेली यांत बऱ्याचदा जिलेटिन असतं, ते हलाल असलं तरी शाकाहारी नसतं. अंडं न खाणाऱ्यांसाठी गोडात उम्म अली किंवा कुनाफा बरे पडतात.

एक साधी युक्ती: आत गेल्या गेल्या ताट हातात घेऊ नका. आधी रिकाम्या हाताने सगळ्या काउंटरांवरून एक चक्कर मारा. पाव आणि सॅलडच पहिले दिसतील असे मांडलेले असतात. तिथेच ताट भरलं की मागच्या चांगल्या गोष्टींना जागाच उरत नाही.

क्रीकच्या काठची सकाळ

आता मला मनापासून जिथे पाठवायचंय तिकडे. मेट्रोच्या ग्रीन लाइनवर शराफ डीजी स्टेशनला (पूर्वीचं अल फहिदी) उतरा आणि दहा-पंधरा मिनिटं चालत अल फहिदीच्या जुन्या वस्तीत या. चुन्या-मातीच्या रंगाच्या भिंती, अरुंद बोळ, आणि वर चौकोनी वारा-मनोरे. यांना बरजील म्हणतात. चारही दिशांनी उघडे, आत आडव्या-तिरप्या भिंती. वरून जाणारा वारा त्यात अडकून खाली खोलीत उतरतो. वीज नसताना हाच या शहराचा एसी होता. साडेआठपर्यंत पोचलात तर बोळांत सावली असते.

इथल्या अरेबियन टी हाउसमध्ये (१९९७ पासून सुरू) झाडाखालच्या अंगणात अमिराती नाश्ता मिळतो. मागवायचं ते असं. बलालीत: शेवया साखर, वेलची, केशर घालून परतलेल्या आणि वर पातळ ऑम्लेट पांघरलेलं. पहिल्या घासाला गोडाबरोबर खारट अंडं विचित्र वाटतं, तिसऱ्याला आवडायला लागतं. चबाब: केशर-वेलचीचे जाडसर घावनच म्हणा, त्यावर खजुराचा पाक आणि चीज. खमीर: यीस्टची फुगलेली रोटी, कधी पिठात खजूर मिसळलेला. आणि उकडलेले चणे, त्यांना दंगो म्हणतात, मीठ नि लाल मिरची घालून. या चण्यांत काहीच मांसाहारी नाही.

रगाग कुठे ताजा होताना दिसला तर थांबून बघा. बाई तापलेल्या काळ्या तव्यावर ओल्या पिठाचा गोळा हाताने गोल फिरवत जाते, तव्याला पिठाचा कागदासारखा थर चिकटतो आणि हातातला गोळा परत परातीत जातो. मग अंडं फोडून पसरवतात, चीज घालतात, घडी करतात. काही जण त्यावर तपकिरी पातळ चटणी फासतात. ती महयावा, आंबवलेल्या माशांची. शाकाहाऱ्यांनी ‘बिदून महयावा’ म्हणजे महयावाशिवाय, असं आधीच सांगा.

याच वस्तीत शेख मोहम्मद सेंटर फॉर कल्चरल अंडरस्टँडिंग आहे, १९९८ मध्ये सुरू झालेलं. ते जुन्या वाड्याच्या अंगणात पाहुण्यांना गालिच्यावर बसवून अमिराती जेवण वाढतात आणि त्यांच्या धर्माबद्दल, कपड्यांबद्दल, लग्नाबद्दल हवं ते विचारा म्हणतात. नाश्ता आणि ब्रंच ठरावीक दिवशी असतात, आगाऊ बुकिंग लागतं. दर हॉटेलपेक्षा बराच कमी असतो, आणि दुबईतला माझ्या मते हा सगळ्यात पैसे वसूल ब्रंच. जेवण स्वतः काही अलौकिक नाही, पण समोर बसून प्रश्नांना उत्तरं देणारा अमिराती माणूस शहरात दुसरीकडे सहज भेटत नाही. तिथे कहवा (अरबी कॉफी) देतील, दल्ल्यातून, म्हणजे चोचीच्या किटलीतून, छोट्या बिनकानाच्या कपात, तोही पाव भाग. कप पुढे केला की पुन्हा भरतात. पुरे झालं की कप हलकेच डावी-उजवीकडे हलवून परत द्यायचा, नाहीतर ते भरतच राहतील.

तिथून चालत बर दुबईच्या अब्रा (छोट्या होड्यांच्या) धक्क्यावर या. वाटेत कापड बाजार लागेल आणि हिंदी लेनही, जिथे अजून झेंडूच्या माळा नि पूजेचं सामान मिळतं. लाकडी अब्रा क्रीक ओलांडून देईराला सोडते, भाडं १ दिरहम, सुटे हातात ठेवा. पलीकडे मसाल्यांचा बाजार. अजून भूक असेल तर देईरातल्या अल रिग्गा आणि मुरक्कबात भागात सिरियन, इराकी खानावळी आहेत. तिथे फूल (बाकल्यांची उसळ, वर ऑलिव्ह तेल नि लिंबू) आणि भट्टीतून निघालेली रोटी सकाळी मिळते.

आपल्या चवीचं हवं असेल तर करामा. एडीसीबी मेट्रो स्टेशनजवळ उतरा. सर्वणा भवनात इडली, पोंगल, डोसा. कालिकत पॅरागॉनमध्ये मलबारी अप्पम, पुट्टू, मासे. शनिवारी साडेनऊनंतर दोन्हीकडे नावं लिहून थांबावं लागतं. सतव्यातलं रावी हे १९७८ पासूनचं पाकिस्तानी रेस्टॉरंट आहे, आणि २०२२ मध्ये आदिदासने त्याच्या नावाचे हिरवे-पांढरे बूट काढले होते. प्लास्टिकच्या खुर्च्यांच्या खानावळीला असा मान दुबईतच मिळावा. निहारी खाणाऱ्यांनी सकाळी जावं, शाकाहाऱ्यांसाठी डाळ नि चणे आहेत.

या सगळ्या फेरीत दोन माणसांचं भरपेट खाणं हॉटेलमधल्या एका सॉफ्ट पॅकेजच्याही आत बसतं. पैकी टी हाउसच काय ते महाग.

शहराबाहेर आणि कॉफीवाले

अल कूझमधल्या जुन्या गोदामांच्या अल्सरकल अ‍ॅव्हेन्यूमध्ये कलादालनं नि चांगल्या कॉफीची दुकानं आहेत. कलादालनं सकाळी उशिरा उघडतात, म्हणून अकरानंतर जा. थंडीत वीकेंडला उम्म सुकीममधल्या पोलीस अ‍ॅकॅडमी पार्कात राइप मार्केट भरतं. गवतावर चादर टाकून खायचं, मुलांना मोकळं सोडायचं, असा बेत.

वाळवंटच बघायचं असेल तर अल कुद्रा. तिथे ८० किलोमीटरहून लांब सायकल ट्रॅक आहे आणि लास्ट एक्झिट या नावाची खाण्याच्या गाड्यांची जागा. थंडीत उजाडताना सायकलवाले तिथे कराक चहा पीत बसलेले दिसतात. मेट्रो इथे नाही, परतीची टॅक्सी मिळणं अवघड जातं, तेव्हा गाडी भाड्याने घ्या किंवा जाताना केलेल्या टॅक्सीवाल्यालाच थांबायला सांगा. दिवसभराचं पाणी बरोबर हवं, डिसेंबरातही.

येण्या-जाण्याचं

रविवारी मेट्रो सकाळी आठला सुरू होते, शनिवारी पाचला. रविवारी अल फहिदीला लवकर पोचायचं तर टॅक्सीच लागेल. नोल कार्ड घेऊन ठेवा, मेट्रो, बस, ट्रॅम तिन्हीत चालतं. मेट्रोत खाल्लं किंवा काही प्यायलात तर १०० दिरहम दंड आहे, च्युइंग गमसुद्धा नाही. उरलेला रगाग पिशवीत बंदच राहू द्या.

हॉटेलचे ब्रंच चारला सुटतात तेव्हा जुमेरा आणि पामवर टॅक्सींसाठी झुंबड उडते. साडेतीनलाच निघा, किंवा कॉफी घेत पाचपर्यंत लॉबीत बसा. करीम अ‍ॅपवरून टॅक्सी बोलावता येते, पण त्या तासात तिथेही वाट बघावी लागते. पामवरून ट्रॅमकडे जाणारी मोनोरेल आहे, अटलांटिसहून परतताना तीच पकडा.